एका चिमट्याची गोष्ट

वणीची माझी मामेबहीण बारावी सायन्स झाली. मामा म्हणाले, "डीएमएलटी करू दे का? दोनच वर्षं लागतात. तू इंजिनियर, सांग बाप्पा!" मी तिला चिमट्याची गोष्ट सांगितली.

१८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्याच लसीच्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. पुढे कळलं, गावात बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

लॅबचं शिक्षण म्हणजे हीच हाताची शिस्त. डिप्लोमा घ्या नाहीतर डिग्री. २०२१ च्या कायद्याने हे काम राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आलंय. म्हणून फी विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: कोर्सला मान्यता आहे का? आणि प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतं?

बहिणीने वहीत दोन्ही प्रश्न लिहून घेतलेत. भेटू पुढच्या भागात!