नव्या धार्मिक चळवळी व ख्रिस्तसभेचे आत्मपरीक्षण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर अनेक नव्या धार्मिक चळवळी उदयास आल्या. वाढती शहरे, स्थलांतर आणि विस्कळीत कुटुंबजीवन यांमुळे एकाकी झालेला माणूस त्यांच्याकडे ओढला गेला. यांतील प्रत्येक चळवळ घातक असते असे नव्हे. तथापि ही ओढ कोठवर नेऊ शकते, हे ‘पीपल्स टेंपल’च्या इतिहासावरून दिसते.

जिम जोन्स याने 1950 च्या दशकात अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ही मंडळी स्थापन केली. वर्णभेदाच्या त्या काळात गोरे व कृष्णवर्णीय तेथे एकत्र उपासना करीत. वृद्धांना आश्रय आणि भुकेल्यांना अन्न मिळे. पुढे मात्र सर्व निष्ठा एका व्यक्तीभोवती केंद्रित झाली व शेकडो अनुयायी गयाना देशातील जंगलात वसविलेल्या वसाहतीत जाऊन राहिले. तेथे 18 नोव्हेंबर 1978 रोजी 900 हून अधिक जणांचा, बहुतांशी सायनाइडच्या विषाने, अंत झाला. त्यांत सुमारे 300 मुले होती.

हे लोक मृत्यूच्या शोधात गेले नव्हते. ते आपुलकीच्या शोधात गेले होते.

व्हॅटिकनने जगभरातील बिशप परिषदांची मते मागवून मे 1986 मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. अतिरेकी स्तुती, कुटुंबापासून तोडणे, सदस्याला कधीही एकटे न सोडणे आणि संपूर्ण शरणागतीची मागणी या धोक्याच्या खुणा त्यात नमूद आहेत. परंतु अहवाल दोषारोपावर थांबत नाही. आपलेपणा, जीवनविषयक प्रश्नांची उत्तरे, आध्यात्मिक मार्गदर्शन आणि सहभागाची संधी या गरजा आपल्या धर्मग्रामात भागतात काय, असा प्रश्न तो आपल्यापुढे ठेवतो. लहान, परस्परांची काळजी घेणारे श्रद्धासमूह, बायबलचे शिक्षण आणि प्रापंचिकांना सेवाकार्यात वाव हे उपाय तो सुचवितो.

‘न्यू एज’ विचारप्रवाहावरील 2003 च्या व्हॅटिकन दस्तऐवजात विहिरीवरील शोमरोनी स्त्रीचा दाखला आहे. प्रभू येशूने तिची निर्भर्त्सना केली नाही. तिच्याकडे पाणी मागून संवाद आरंभिला आणि मग सत्यही सांगितले.

आपल्या धर्मग्रामातून एखादे कुटुंब दुरावले असेल, तर त्याच्यावर टीका करण्यापूर्वी आपण त्याच्या दारी शेवटचे कधी गेलो होतो, याचे स्मरण प्रत्येकाने करावे.