एकसष्टाव्या वर्षी न्यायाधीश झालेला माणूस

न्यायालयांचा इतिहास म्हटला की आपण थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतो. आज मी तुम्हाला खालच्या पायरीवर नेणार आहे. अमेरिकेतलं फेडरल जिल्हा न्यायालय म्हणजे जिथे साक्षी होतात, पुरावे तपासले जातात, ते न्यायालय. तिथले एक न्यायाधीश होते ज्युलियस वेटीज वेअरिंग.

जन्म 1880 चा, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरातला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, प्रतिष्ठित. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. वेअरिंग वकील झाले आणि वंशभेदाचा उघड पुरस्कार करणाऱ्या एका सिनेटरच्या प्रचारातही त्यांनी काम केलं. 1942 मध्ये रूझवेल्टनी त्यांना न्यायाधीश नेमलं, तेव्हा वय एकसष्ट. हा माणूस काही उलथापालथ करील, असं कुणालाच वाटलं नसेल.

मग आलं 1946. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट युद्धावरून परतला होता. लष्करातून मुक्त झाला त्याच दिवशी, अंगावर गणवेश असताना, बसचालकाशी वाद झाला म्हणून त्याला खाली उतरवलं गेलं. पोलीस प्रमुखाने त्याला दंडुक्याने इतकं मारलं की दोन्ही डोळे गेले. खटला वेअरिंग यांच्यापुढे आला. ज्यूरी सगळी गोरी. नानावटी खटल्यामुळे ज्यूरी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहेच. अर्ध्या तासाच्या आत आरोपी निर्दोष सुटला. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ रडत न्यायालयाबाहेर पडल्या. त्यानंतर पती-पत्नींनी वंशभेदावरची पुस्तकं एकत्र वाचायला घेतली.

1947 मध्ये मतदानाचा खटला आला. डेमोक्रॅटिक पक्षाचं म्हणणं असं, की आमची प्राथमिक निवडणूक हा खासगी क्लबचा मामला आहे. त्या राज्यात खरी निवडणूक तीच असायची. वेअरिंगनी हा युक्तिवाद फेटाळला आणि कृष्णवर्णीयांना मतदान खुलं केलं. गावाने त्यांना वाळीत टाकलं. घरावर दगड आले, अंगणात क्रूस जाळला गेला.

टीकाकार म्हणायचे, घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं, समाजाने दारं बंद केली, म्हणून हा सूड. मला हे पटत नाही, कारण तारखा जुळत नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षकांना समान पगार देण्याचा आदेश त्यांनी 1944 मध्ये दिला, घटस्फोट 1945 चा. वाट आधीच बदलली होती.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. क्लॅरेंडन परगण्यातल्या पालकांची शाळांसंबंधीची दाद वेगळ्या पण समान सोयींपुरती होती. 1950 मध्ये वेअरिंगनी त्यांचे वकील थर्गुड मार्शल यांना सुचवलं, की विभक्त शाळांनाच सरळ आव्हान द्या. न्यायाधीशाने पक्षकाराला वाट दाखवावी का? माझ्या मते एरवी नाही. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तसं आव्हान दिलं की खटला तीन न्यायाधीशांपुढे जाणार, आणि तिथे आपण एकटे पडू शकतो, हे त्यांना कळत होतं.

झालंही तसंच. 1951 मध्ये निकाल दोन विरुद्ध एक लागला. वेअरिंगनी मतभेदाच्या निकालपत्रात लिहिलं, की विभक्तता हीच मुळात विषमता आहे. ज्यांच्या नावाने खटला होता त्या हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली होती. वेअरिंग 1952 मध्ये निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात, ज्यात हाही खटला सामील होता, एकमताने तीच भूमिका घेतली.

1968 मध्ये त्यांना चार्ल्स्टनलाच दफन केलं. कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आले, गोरे मोजकेच. 2015 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या इमारतीला आधी सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं. ते काढून वेअरिंग यांचं द्या, असं खुद्द हॉलिंग्जनीच सांगितलं होतं.

हरलेलं मतही नीट लिहून ठेवावं, मंडळी. ते पुढच्या कुणाच्या तरी कामी येतं. भेटूया पुढच्या भागात.