घरबसल्या कॉलेज : एक जुनी वाट

कॉलेजात शिकणारे मूल घरात असले म्हणजे 'ऑनलाईन' हा शब्द हल्ली दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. हे शिक्षण २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत एकाएकी उपटले, अशी आपल्यापैकी पुष्कळजणींची समजूत आहे. परंतु कॉलेजची पायरी न चढता शिकण्याची वाट फार जुनी आहे. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या गावात शाळाच तेवढी होती, आणि पुढे हायस्कुलासाठी मुलीने तीन मैल चालत जाणे वडिलांना पसंत नव्हते. त्यामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी कोणी काय केले, हे जाणून घेण्याची मला पहिल्यापासून हौस.

आपल्या करवीरचेच उदाहरण घ्या. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला, हे आपण जाणतोच. पण त्याच्या पुढच्याच वर्षी महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीत अपघाताने गेले आणि सूनबाई इंदुमती राणीसाहेब अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्या काळी राजघराण्यातील विधवा म्हणजे पडद्यात कोंडलेले आयुष्य. महाराजांनी विरोध न जुमानता सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. शाळेत जाता येत नाही, तर शाळाच तेथे नेली! महाराज १९२२ साली वारले. राणीसाहेब पुढे मॅट्रिक झाल्या. अर्थात हे राजवाड्यातील झाले. तुमच्याआमच्या दारी कोण मास्तर पाठवणार?

ते काम पोष्टाने केले. विलायतेत १८४० साली एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले, आणि त्याच सुमारास पिटमन नावाचे गृहस्थ पोष्टाने लघुलिपी शिकवू लागले. १८५८ पासून लंडन विद्यापीठाने वर्गात न बसलेल्यांनाही परीक्षेस बसू दिले. इकडे अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, ते मायबोलीतून शिकवणारे. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावे पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यावरून त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव पडले. या विद्यापीठाने घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेचे दार उघडे ठेवले. सरकारदरबारी त्याला कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडावे लागले. एवढ्या दिवसांत किती बायका 'मान्यता नसलेली पदवी' हे टोमणे ऐकत शिकल्या असतील!

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आपल्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. योगायोग पाहा, त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा पदवीचे शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. आपल्या विद्यापीठातही 'बहिःस्थ' म्हणून नाव नोंदवून कितीतरी नोकरदार व गृहिणी पदवीधर झाल्या. बहिःस्थ म्हणजे बाहेरचा. शब्द काही मायेचा नाही, पण सोय मायेची होती.

पुढे दूरदर्शन आले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम दुपारी लागू लागला. मी तेव्हा लहान होते. शेजारच्यांच्या टी.व्ही.पुढे आम्ही मुले जमत असू आणि तो लागला की उठून जात असू, कारण सारे इंग्रजीत! माझ्या मते तेथेच त्याचे अर्धे मोल गेले. दुपारची ती वेळ म्हणजे घरोघरच्या बायकांना जरा पाठ टेकण्याची. मराठीत असता तर किती जणींनी पाहिला असता.

खरी आपलीशी वाटावी अशी गोष्ट १९८९ साली घडली. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. कोल्हापुरातही त्याचे विभागीय केंद्र आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला होता. तो पुरा करून दहावी-बारावी नसलेल्यांनाही पदवीच्या अभ्यासाला बसता येई. आमच्या गल्लीतील एक वहिनी त्या वाटेने बी.ए. झाल्या. पुस्तके घरी, रविवारी केंद्रावर तास, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घरी पाहुणे! नियम पुढे वेळोवेळी बदलत गेले. म्हणून जिच्या मनात असेल तिने केंद्रावर जाऊन स्वतः विचारावे, ऐकीव माहितीवर राहू नये.

आता २०२० सालचे. मार्चमध्ये कॉलेजे बंद झाली. माझी मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मुलगा दहावीत जाणारा, आणि घरात चांगला फोन एकच, तोही यजमानांचा. ते कामावर जाऊ लागले की त्यांच्या खिशातून मुलीचे कॉलेजही बाहेर जाई. गगनबावडा, राधानगरी, चंदगड या बाजूला तर रेंजसाठी मुले डोंगरमाथा शोधत फिरली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षेवाचून पदवी नाही असा निकाल लागला, आणि मग कोठे राज्यातील हजारो मुलांनी घरी फोनवर पर्यायी उत्तरांवर खुणा करून परीक्षा दिली. आपल्याकडे कॉलेजे पुरती उघडायला पुढचे वर्ष संपत आले. मुलीची पदवी झाली, पण प्राध्यापकांना तोंडाने शंका विचारण्याची तिची सवय त्या दीड वर्षात मोडली. वर्गातील गलका, मैत्रिणीची वही, ग्रंथालयाच्या पायऱ्या यांना फोनवर जागा नसते.

मग हे सारे टाकाऊच का? तसे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' नावाची सोय केली आहे. तेथे मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे तरच परीक्षेची फी. मराठीत मात्र तेथे फारच थोडे आहे. शिवाजी विद्यापीठातही आता दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षणाचे केंद्र आहे. ठरावीक वेळेचा तास आणि साठवून ठेवलेले व्याख्यान यांत आम्हा बायकांच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. सकाळी अकराचा तास म्हटला की कुकरची शिट्टी, नळाचे पाणी आणि सासूबाईंचे औषध तिन्ही एकदम येतात. साठवलेले व्याख्यान थांबवता येते, मागे नेता येते. माझ्या एका मावसबहिणीने असेच बालवाडीचे शिक्षण पुरे केले. भांडी आवरून रात्री दहाला ती बसे, कानात वायर घालून, म्हणजे कोणाची झोपमोड नको. व्याख्यान अर्ध्यावर आले की मुलगा पाणी मागे. ते देऊन आली की पुन्हा पहिल्यापासून ऐके.