नोंद आणि नाव

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, ही समजूत आता मागे पडली आहे. तथापि सामान्य माणसाचा इतिहास कोणत्या कागदांत शोधावा, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमधील खेड्यांपुरते त्याचे उत्तर चर्चच्या दप्तरात सापडले. १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली. त्यामुळे शेतकरी, मजूर, विणकर यांची नावे कागदावर टिकून राहिली. डेव्हन परगण्यातील कोलिटन या पॅरिशच्या वह्यांवरून इतिहासकार रिग्ली यांनी तेथील कुटुंबे पुन्हा जुळविली. १६४५-४६ च्या प्लेगनंतर मुलींचे लग्नाचे सरासरी वय २७ वरून तिशीच्या जवळ गेले, हे त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. एकेका ओळीच्या नोंदींतून सबंध गाव बोलू लागले!

आपल्याकडे बाप्तिस्म्याची वही नाही. पण कोटवाराची आहे. लालबर्ऱ्याचा परिसर १९५६ पर्यंत भंडारा-नागपूरसह एकाच प्रांतात होता. त्या काळी कोटवार, स्वतः बहुधा निरक्षर, गावातील जन्ममरणाची वार्ता पोलीस ठाण्यात पोहोचवीत असे. १९१८ च्या इन्फ्लुएंझासारखे संकट गावोगाव कसे पसरले, हे पाहावयाचे तर अशाच नोंदी चाळावयास हव्यात.

मात्र या दोन वह्यांत एक मूलभूत भेद आहे. बाप्तिस्मा हा नामसंस्कार. म्हणून तेथे नाव निश्चित, परंतु जन्मदिवस असेलच असे नाही. उलट कोटवाराची वर्दी पुष्कळदा बारशापूर्वीच जाई. त्यामुळे बापाचे नाव आणि जात लिहिली जाई, आणि अपत्याच्या जागी केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव मिळते ते शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात; पण तेथील जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जुलै! एका वहीत जन्म आहे, दुसरीत नाव. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून माणूस पुरा होत नाही.

आज या जुन्या नोंदींची नक्कल जातीच्या दाखल्यासाठी शोधली जाते. ती गरज खरीच आहे. परंतु एकाच्या पुराव्यापुरते पान उघडून वही मिटली, म्हणजे गावाचा इतिहासही मिटला. ही जोडणी करण्यास शिक्षकाइतका योग्य मनुष्य दुसरा नाही, कारण दुसरी वही त्याच्याच कपाटात आहे.

तरीही एक उणीव राहीलच. जी ‘मुलगी’ कधी शाळेत आली नाही, तिचे नाव दोन्ही वह्यांत नाही. ते तिच्या माहेरच्या वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. ते विचारून आजच लिहून घेतले पाहिजे. कारण ही तिसरी वही कोणत्याही कपाटात ठेवता येत नाही.