माहितीच्या जतनाची साधने : भौतिक संचय आणि क्लाउड – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयातील निकालपत्रके, प्रवेशाच्या नोंदी, प्रबंधांचे मसुदे आणि हस्तलिखितांची छायाचित्रे आता संगणकावरच तयार होतात. त्यांपैकी पुष्कळांची कागदी प्रत कधीच निघत नाही. त्यामुळे या सामग्रीची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, कोठे ठेवावा हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहिलेला नाही. विभागाच्या कपाटातील हार्ड डिस्कवर ठेवावा की क्लाउडवर, अशा स्वरूपात तो सामान्यतः विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. माहिती टिकणे हे माध्यमापेक्षा प्रती परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत यावर अधिक अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसते.

प्रतींची जुनी परंपरा

महाभारताची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेता आले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्या संपादनाखाली शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा भिन्न लिप्यांतील पोथ्या ताडून पाहण्यात आल्या. काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लेखकांनी त्या स्वतंत्रपणे उतरवल्या होत्या. एका परंपरेतील चूक दुसऱ्या परंपरेच्या आधारे ओळखता आली ती यामुळेच.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. वाड्यांतून व दप्तरांतून मिळालेला कागद वाळवीच्या किंवा ओलीच्या भक्ष्यस्थानी पडला तरी त्यातील मजकूर अनेक ग्रंथालयांत शिल्लक राहील, अशी सोय त्या छपाईने झाली. याच्या उलट अनुभव ५ जानेवारी २००४ रोजी आला. भांडारकर संस्थेवरील हल्ल्यात ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पोथीची अन्यत्र नक्कल नसते, तिचे भवितव्य एका इमारतीशी बांधलेले असते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

भौतिक साधनांची वाटचाल

संगणकीय माहितीच्या जतनात आरंभी चुंबकीय फितीला महत्त्व आले. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये फितीचे यंत्र आणि १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. त्या डिस्कमध्ये पन्नास तबकड्या होत्या आणि तिची क्षमता सुमारे ५० लक्ष अक्षरांची होती. पुढे फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह अशी साधने आली. प्रत्येक साधन आधीच्यापेक्षा सोयीचे ठरले. मात्र ते वाचणारे यंत्रही काही वर्षांत दुर्मीळ होत गेले.

बीबीसीच्या डूम्सडे प्रकल्पाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. इंग्लंडमधील १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली पाहणीला नऊशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९८६ मध्ये संपूर्ण देशाचे चित्र लेसर तबकड्यांवर साठवण्यात आले. जेमतेम पंधरा वर्षांत त्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ चे चर्मपत्रावरील मूळ पुस्तक मात्र आजही वाचता येते. तबकड्या शाबूत होत्या. हरपले होते ते वाचनाचे साधन.

क्लाउडचा उदय

ॲमेझॉनने २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा सुरू केली आणि दूरच्या यंत्रांवर भाड्याने जागा घेण्याची पद्धत रूढ झाली. ‘ढग’ या अर्थाच्या नावामुळे ही साठवण निराकार असल्याचा भास होतो. वास्तविक क्लाउड म्हणजे अन्य कोणाच्या तरी इमारतीतील डिस्क आणि फिती होत. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे एका संगणकीय दोषामुळे नाहीशी झाली. हा दोष एकाहून अधिक प्रतींपर्यंत पोहोचला होता. तेव्हा गूगलने ती पत्रे अखेर चुंबकीय फितींवरून परत आणली.

इमारत आली की आगही आली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक माहितीकेंद्र जळून खाक झाले. काही ग्राहकांची मूळ माहिती आणि बॅकअप एकाच इमारतीत होते. त्यांचे दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रास आग लागली. तेथे शासकीय कर्मचाऱ्यांची सुमारे ८५८ टेराबाइट कागदपत्रे नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

आगीवाचूनही हानी होऊ शकते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडवरील खाजगी क्लाउड मांडणीतील चुकीमुळे पुसला गेला. त्यातील दोन ठिकाणच्या प्रतीही त्याबरोबर गेल्या, कारण दोन्ही त्याच खाजगी क्लाउडचा भाग होत्या. अन्य सेवादात्याकडील बॅकअपमुळे काम पुन्हा उभे करण्यास मोठी मदत झाली. म्हणजे जागा दोन असून भागत नाही. हातही दोन असावे लागतात.

शिक्षणसंस्थांना आणखी एक अनुभव आला. पूर्वी शैक्षणिक खात्यांना अमर्याद साठवण देणाऱ्या गूगलने २०२१ मध्ये धोरण बदलले आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. विनामूल्य मिळालेली जागा हा हक्क नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

तौलनिक विचार

हार्ड डिस्क एकदाच विकत घ्यावी लागते, तिच्यावर संस्थेचा ताबा असतो आणि ती इंटरनेटविना वापरता येते. परंतु ती मूळ संगणकाच्याच खोलीत असेल, तर आग, पूर व चोरी या तिन्हींत दोघांचे भाग्य एकच ठरते. ती सदैव जोडलेली असेल, तर मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर विषाणू संगणकाबरोबर तिच्यावरील प्रतही कुलूपबंद करतो.

क्लाउडमुळे प्रत आपोआप दूर जाते आणि बिघडलेल्या डिस्क बदलण्याची जबाबदारी सेवादात्याकडे राहते. मात्र शुल्क दरवर्षी द्यावे लागते आणि खाते एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक नावावर असल्यास त्यांच्या निवृत्तीबरोबर किल्लीही जाते. परत मिळवण्याचा वेळही हिशेबात धरावा लागतो. दोन टेराबाइट माहिती २० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने उतरवण्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. शिवाय, केवळ जुळवणी करणारी सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. येथे चुकून पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते.

निष्कर्ष

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे प्रचलित झालेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम वरील सर्व अनुभवांचे सार मानता येईल : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत दूरच्या ठिकाणी. महाविद्यालयापुरते सांगायचे तर मूळ प्रत संगणकावर, दुसरी काम झाल्यावर काढून ठेवलेल्या डिस्कवर आणि तिसरी संस्थेच्या नावावरील क्लाउड खात्यात असावी. डिस्क ठराविक वर्षांनी बदलावी, जुन्या प्रकारच्या फाइली नव्या प्रकारात आणाव्यात आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपवरून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहावी. हे काम कोणाचे, याची लेखी नोंद असावी.

यास फार मोठा खर्च येत नाही. सातत्य मात्र लागते. आजच्या निकालपत्रकांना आणि क्षेत्रकार्याच्या नोंदींना उद्याच्या संशोधकाच्या दृष्टीने दप्तराचेच मोल आहे. राजवाडे यांना वाड्यांतून निदान कागद तरी सापडला. बंद पडलेल्या डिस्कवरून किंवा मिटलेल्या खात्यातून उद्याच्या संशोधकाला तेवढेही मिळणार नाही.