बोलपटातला कोल निद्रे

हॉलीवुडच्या जुन्या चित्रपटांपैकी ‘द जॅझ सिंगर’ आपल्याला विशेष जवळचा. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी वॉर्नर बंधूंनी तो न्यूयॉर्कला लावला. पात्रांचे बोलणे ऐकू येणारा पूर्ण लांबीचा हा पहिला चित्रपट. तेही मोजक्या प्रसंगांतच. नायक अल जॉल्सन, जन्मनाव एसा योएल्सन, स्वतः हजानाचा मुलगा. कथेतही हजानाचाच मुलगा रंगभूमीसाठी घर सोडतो. किप्पूरच्या, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या दारफाळणीच्या सणाच्या रात्री बाप अंथरुणाला खिळलेला असतो. मुलगा नाटकाचा पहिला खेळ सोडून सिनेगॉगमध्ये ‘कोल निद्रे’ गातो. ते ऐकत बाप प्राण सोडतो.

साडेतीन वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. तो ज्या नाटकावरून घेतला, त्याचे लेखक आपले बेने इस्राएल जोसेफ डेव्हिड पेणकर. जॉल्सनचा आवाज आजही ऐकता येतो. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रत उरली नाही. तो पाहिलेल्या आईवडिलांकडून कोणी काही ऐकले असेल, तर नातवंडांना सांगून ठेवावे. निदान पेणकरांचे नाव तरी.