स्थान आणि वस्तू : एका कंपायलरमधील इटरेटरांच्या पुनर्रचनेचा इतिहास

संगणकशास्त्राचा इतिहास लिहिताना नव्या भाषा, नवी यंत्रे आणि नवे सिद्धान्त यांच्याकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. ज्या फेरफारांनी प्रोग्रॅमच्या बाह्य वर्तनात काहीच पालट होत नाही, त्यांची दखल सहसा घेतली जात नाही. वस्तुतः मोठ्या प्रोग्रॅमचे दीर्घायुष्य बहुतांशी अशाच फेरफारांवर अवलंबून असते. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पात २०१५ ते २०२४ या कालखंडात इटरेटरांसंबंधी जे घडले, ते या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

इटरेटर म्हणजे संग्रहातील घटकांवरून एकेक करून पुढे सरकण्याचे साधन. या कल्पनेचे दोन निरनिराळे उगम आढळतात. एमआयटी येथे बार्बरा लिस्कोव्ह व त्यांचे विद्यार्थी यांनी १९७४-७५ च्या सुमारास रचलेल्या क्लू भाषेत इटरेटर हा एक विशिष्ट कार्यविधी होता. तो घटक एकामागून एक हाती देई, आणि घेणाऱ्यास संग्रहाची अंतर्रचना जाणून घेण्याचे कारण उरत नसे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अल्फार्ड भाषेतही ‘जनरेटर’ या नावाने याच जातीची कल्पना आढळते. दुसरा उगम अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी सिद्ध केलेल्या आणि १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाण-मसुद्यात स्वीकारल्या गेलेल्या स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररीत आहे. येथे इटरेटर हे पॉइंटरचे व्यापक रूप होय. संग्रहाची व्याप्ती दोन इटरेटरांनी दर्शवावयाची. पैकी दुसरा अखेरच्या घटकाच्या पलीकडील स्थान दाखवितो. त्या स्थानी घटक नसतो. प्रस्तुत इतिहासाचे बीज या रिकाम्या स्थानात आहे.

एलएलव्हीएमचा आरंभ २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील शाखेत ख्रिस लॅटनर व विक्रम अडवे यांच्या हातून झाला. पहिली आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. या कंपायलरात प्रोग्रॅममधील आज्ञा दुहेरी साखळीत गुंफलेल्या असतात, आणि मागचे-पुढचे दुवे प्रत्येक आज्ञेच्याच पोटात साठविलेले असतात. त्यामुळे आज्ञेचा पत्ता आणि साखळीतील तिचे स्थान या दोहोंत व्यवहारात फारसे अंतर उरत नाही. या सोयीचा लाभ घेऊन इटरेटराचे पॉइंटरमध्ये आणि पॉइंटरचे इटरेटरामध्ये आपोआप रूपांतर व्हावे, अशी तरतूद करण्यात आली होती. लिहिणाऱ्याचे चार अक्षरांचे श्रम वाचले, आणि ही सवय सर्व विभागांत पसरली.

दोष होता तो साखळीच्या टोकाशी. अखेरचे स्थान दर्शविण्यासाठी तेथे एक पहारेकरी गाठ असे. तिच्यात दुव्यांपलीकडे काही नसे. ती आज्ञा नव्हेच. तथापि अखेरचा इटरेटर आपोआप पॉइंटर होऊन बाहेर पडला की, जेथे आज्ञा नाही तेथे ती आहे असा निर्वाळा मिळे. तो पत्ता शून्यही नसल्यामुळे नेहमीच्या तपासणीत ही चूक सापडत नसे. सी प्लस प्लसच्या नियमांनुसार असे वर्तन ‘अनिर्धारित’ ठरते, आणि ते कधीच घडणार नाही असे गृहीत धरण्याची मुभा कंपायलरला असते. एलएलव्हीएमचा कोड एलएलव्हीएमवरच आधारलेल्या क्लँग कंपायलरकडून वारंवार भाषांतरित होतो. म्हणजे आपल्याच चुकीचा अर्थ आपल्याच सुधारणा-यंत्रणेने लावून आपलेच बिघडवावे, हा धोका केवळ तात्त्विक नव्हता.

ऑक्टोबर २०१५ पासून हे रूपांतर काढून टाकण्याचे काम सुरू झाले. त्याची पद्धती लक्षणीय आहे. आपोआप होणारे रूपांतर एकदम रद्द केले असते, तर असंख्य ठिकाणी कोड मोडला असता. म्हणून एकेका विभागात आधी ते उघडपणे लिहून घेण्यात आले; जेथे केवळ घटक हवा होता तेथे २०११ च्या भाषाप्रमाणाने दिलेला नवा लूप योजण्यात आला. असे छोटे छोटे फेरफार ‘वर्तनात बदल नाही’ अशा शेऱ्यासह नोंदले गेले. कोणत्या ओळी बदलावयाच्या हे शोधण्याचे काम प्रकार-तपासणीवरच सोपविता आले. तरतूद तात्पुरती काढली की मिळणारी चुकांची यादी हीच कामाची यादी ठरे. २०१६ मध्ये यंत्रकोड निर्माण करणाऱ्या विभागातील अनेक फंक्शने पॉइंटरऐवजी रेफरन्स घेऊ लागली, कारण ‘येथे वस्तू निश्चित आहे’ हे रेफरन्स सांगतो, पॉइंटर सांगत नाही. त्याच वर्षी मूळ साखळीची रचनाही नव्याने करण्यात आली, आणि पहारेकरी गाठीचे आज्ञा असल्याचे सोंग संपले.

या श्रमाचे मोल पुढे निराळ्याच प्रसंगी प्रत्ययास आले. दोषशोधनाची माहिती पूर्वी आज्ञांच्या साखळीतच विशेष आज्ञांच्या रूपाने ठेवली जाई. २०२४ मधील १९ व्या आवृत्तीपासून ती आज्ञांना जोडलेल्या स्वतंत्र नोंदींत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा ‘या आज्ञेच्या आधी’ या शब्दांचे दोन अर्थ संभवू लागले : नोंदींच्याही आधी, किंवा नोंदी आणि आज्ञा यांच्या मध्ये. आज्ञेचा पत्ता दोन्ही ठिकाणी एकच; म्हणून पॉइंटर हा भेद सांगू शकत नव्हता. इटरेटर स्वतंत्र प्रकार असल्यामुळे त्यात एका बिटची भर घालून हा भेद नोंदविता आला. मात्र नवी आज्ञा कोठे घालावयाची हे सांगण्यासाठी पॉइंटर घेणारी फंक्शने तोवर शिल्लक होती, आणि तेथेही इटरेटर आणावे लागले. २०१५-१६ च्या शुद्धीकरणाने टोकाचा गोंधळ मिटला होता. मधला गोंधळ मात्र आठ वर्षे कोणाच्या ध्यानात सलला नव्हता, कारण तोवर त्याने कोणाचे नुकसान केले नव्हते.

यावरून एक निष्कर्ष काढणे अप्रस्तुत होणार नाही. स्थान आणि वस्तू यांतील भेद स्टेपानोव्ह यांच्या रचनेत प्रारंभापासून अभिप्रेत होता. तो एलएलव्हीएमने सोयीसाठी पुसला, आणि पुढे दोन वेळा परिश्रमपूर्वक परत मिळविला. सोय ज्याने केली आणि तिची किंमत ज्यांनी चुकविली, ते बहुधा एकच नव्हते. वर्तन न बदलणाऱ्या फेरफारांच्या नोंदी आपण वाचावयाच्या त्या एवढ्यासाठीच. कोणता भेद केव्हा पुसला गेला आणि तो परत आणण्याची गरज केव्हा भासली, याचा लिखित पुरावा अन्यत्र क्वचितच सापडतो.